समुद्रापार गेलेल्या आयरिश पूर्वजांचा माग

सतराव्या शतकाच्या आरंभापासून १९२२ पर्यंत आयर्लंडमधून सुमारे ७० लाख माणसे उत्तर अमेरिकेत गेली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अर्जेंटिना येथे गेलेले निराळेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी स्थिती होती, की आयर्लंडमध्ये जन्मलेल्या दर पाच माणसांपैकी जवळपास दोघे मायदेशाबाहेर राहत होते. आज जगभरात आयरिश वंश सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ७ कोटी मानली जाते. आयर्लंड बेटाच्या आजच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट हा आकडा आहे.

या लोकांपैकी पुष्कळांना आपले मूळ घर नेमके कोणत्या गावी होते, हे जाणून घ्यायचे असते. हा शोध दोन कारणांनी अवघड आहे. देश सोडून गेलेल्यांत बहुसंख्य लोक गरीब कुळे आणि शेतमजूर होते. त्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांनी मृत्युपत्रे केली नव्हती, त्यामुळे त्यांच्या नावाचे कागदही मोजकेच तयार झाले. दुसरे कारण म्हणजे आयर्लंडच्या सरकारी दप्तराचा फार मोठा भाग विसाव्या शतकात नष्ट झाला. मात्र माणसे गेली तेथे त्यांच्या नावांची नोंद होत राहिली. जहाजाच्या यादीत, बँकेच्या खातेवहीत, कैद्यांच्या रजिस्टरात, सैन्याच्या भरतीपत्रकात आणि परक्या भूमीतल्या थडग्यांवर ही नावे उमटली. मायदेशी जे जळाले किंवा हरवले, त्यातले बरेचसे परदेशांतील दप्तरांत शिल्लक राहिले. त्यामुळे आयरिश पूर्वजांचा माग काढताना सुरुवात समुद्राच्या पलीकडच्या काठावरून करावी लागते.

स्थलांतराच्या लाटा

पूर्वज कोणत्या काळात आणि कोणत्या भागातून गेला, यावर कोणते कागद मिळतील हे ठरते. त्यामुळे स्थलांतराचा इतिहास आधी समजून घेणे आवश्यक असते.

१६०७ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील गेलिक सरदार युरोपात निघून गेले. १६९१ च्या लिमरिक तहानंतर पॅट्रिक सार्सफिल्ड याच्या नेतृत्वाखाली हजारो कॅथलिक सैनिक फ्रान्सच्या सेवेत दाखल झाले. पुढील शंभर वर्षे फ्रान्स, स्पेन आणि ऑस्ट्रिया यांच्या सैन्यांत आयरिश पलटणी होत्या. अठराव्या शतकात अटलांटिक ओलांडणाऱ्यांत मात्र अल्स्टरमधील प्रेस्बिटेरियन कुटुंबांचा भरणा मोठा होता. स्कॉटलंडहून अल्स्टरमध्ये वसवलेल्या या लोकांवर वाढत्या खंडाचा बोजा होता आणि प्रस्थापित अँग्लिकन चर्चबाहेरचे असल्याने त्यांच्यावर निर्बंधही होते. १७१८ पासून ते मोठ्या संख्येने निघाले. काही बॉस्टनला उतरले, पण पुढे बहुतेकांनी पेनसिल्व्हेनिया गाठले आणि तेथून ते दक्षिणेकडे व्हर्जिनिया, कॅरोलिना या वसाहतींत पसरले.

काही प्रवाहांची उगमस्थाने अगदी मर्यादित होती. न्यूफाउंडलंडच्या कॉड मासेमारीसाठी वॉटरफर्ड बंदरातून मजूर जात. त्यामुळे तेथील आयरिश कुटुंबांची मुळे वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, किलकेनी, टिपररी आणि कॉर्क अशा आग्नेय-दक्षिणेच्या पट्ट्यात सापडतात. अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात मेंढपाळीसाठी गेलेली बहुतेक कुटुंबे वेस्टमीथ, लाँगफर्ड आणि वेक्सफर्ड या तीन काउंट्यांतील होती. १८२३ आणि १८२५ मध्ये पीटर रॉबिन्सन यांनी सरकारी खर्चाने मुख्यतः उत्तर कॉर्कमधील सुमारे २,५०० लोकांना अपर कॅनडात नेऊन वसवले. तेथील पीटरबरो शहर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अशा प्रवाहांत पूर्वज कोठे जाऊन वसला एवढे कळले, तरी तो कोठून आला याचा अंदाज बांधता येतो.

ऑस्ट्रेलियात आयरिश माणसे प्रथम हद्दपारीची शिक्षा भोगण्यासाठी गेली. थेट आयर्लंडहून कैदी घेऊन जाणारे पहिले जहाज ‘क्वीन’ १७९१ मध्ये कॉर्कहून निघून सिडनीला पोहोचले. हद्दपारी पूर्ण बंद होईपर्यंत सुमारे ४०,००० लोक आयर्लंडमधून या शिक्षेवर पाठवले गेले. त्यांतले बरेच जण किरकोळ चोरीच्या गुन्ह्यात अडकलेले होते, तर काही इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात आणि नंतरच्या चळवळींत भाग घेतलेले होते.

महादुष्काळ आणि त्यानंतर

१८४५ च्या शरद ऋतूत बटाट्याच्या पिकावर करपा पडला. फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या रोगकारकामुळे उभे पीक काही दिवसांत काळे पडून सडू लागले. देशातील गरिबांचे जवळजवळ सगळे पोट बटाट्यावर अवलंबून होते आणि १८४६ मध्ये पीक जवळपास पूर्ण बुडाले. त्यात जमीनदारांनी खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढले. सरकारी मदत तोकडी आणि उशिरा पोहोचली, आणि देशातून धान्याची निर्यात चालूच राहिली. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे भूक आणि साथींनी मेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती, ती १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. १८४५ ते १८५५ या दहा वर्षांत सुमारे २० लाख लोकांनी देश सोडला.

यांतले बहुतेक आधी लिव्हरपूलला गेले आणि तेथून जहाजात चढले. आयर्लंडच्या बंदरातून निघाल्याची त्यांची नोंद नसते, याचे हे एक प्रमुख कारण आहे. शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागे. १८४७ मध्ये कॅनडाकडे निघालेल्या जहाजांवर टायफसचा कहर झाला. क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीतील ग्रॉस ईल या बेटावर १८३२ पासून विलगीकरण केंद्र होते. त्या एका वर्षात तेथे पाच हजारांहून अधिक लोकांना पुरण्यात आले. आईबाप गेलेल्या अनेक मुलांना क्वेबेकमधील फ्रेंच भाषक कुटुंबांनी आसरा दिला. यांतल्या पुष्कळांनी आपली आयरिश आडनावे टिकवली. आज फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांत ती आडनावे आढळतात, त्यामागे हा इतिहास आहे.

काही जमीनदारांनी कुळांना पोसण्यापेक्षा त्यांचे भाडे भरून परदेशी धाडणे स्वस्त मानले. रॉसकॉमन काउंटीतील स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस मेहॉन या जमीनदाराने १८४७ मध्ये १,४९० माणसांना क्वेबेकला पाठवले. त्यांतील कित्येक जण वाटेतच दगावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेहॉनची हत्या झाली. विकलो काउंटीतील फिट्झविल्यम जहागिरीतून १८४७ ते १८५६ या काळात सुमारे ६,००० लोक कॅनडात गेले. या प्रकारच्या स्थलांतराची एक बाजू अभ्यासकाच्या उपयोगाची ठरली. जहागिरीचा कारभारी खर्चाचा हिशेब ठेवी. त्यामुळे कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातील माणसे, त्यांची वये आणि त्यांनी सोडलेले गाव या गोष्टी जहागिरीच्या वह्यांत लिहिल्या गेल्या.

दुष्काळ ओसरल्यावरही ओघ थांबला नाही. १९११ मध्ये लोकसंख्या ४४ लाखांच्या खाली आली होती. आधी गेलेला भाऊ किंवा बहीण मजुरीतून पैसे साठवून पुढच्या भावंडाचे तिकीट पाठवी, आणि असे एकामागून एक सगळे घर रिकामे होई. या काळातील स्थलांतरितांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य अविवाहित तरुणी होत्या. युरोपातल्या इतर देशांतून जाणाऱ्यांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकट्या मुली नसत. न्यूयॉर्क, बॉस्टन येथील सुखवस्तू घरांत त्या घरकामाला राहत आणि मजुरीचा मोठा वाटा गावी पाठवत. एकाच वस्तीतील माणसे परदेशात एकाच मोहल्ल्यात राहत, एकमेकांच्या लग्नात साक्षीदार होत आणि मुलांचे धर्ममातापिता बनत. पूर्वजाचे गाव सापडत नसेल तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांचे आणि साक्षीदारांचे गाव शोधण्याची पद्धत यातूनच आली.

जळालेले दप्तर

आयर्लंडची जुनी कागदपत्रे डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागारात ठेवलेली होती. ब्रिटनशी झालेल्या तहावरून १९२२ मध्ये यादवी युद्ध पेटले. तहाला विरोध करणाऱ्यांनी ही इमारत ताब्यात घेतली होती आणि २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्याने तिच्यावर तोफा डागल्या. ३० जूनला तेथे प्रचंड स्फोट झाला आणि अभिलेखागाराचे कोठार आगीत सापडले. सातशे वर्षांची कागदपत्रे एका दिवसात गेली. अर्धवट जळालेले कागद वाऱ्याबरोबर शहरभर उडाले.

या आगीत १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांची मूळ पत्रके जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. कॅव्हन, डेरी, अँट्रिम अशा काही भागांचे तुकडे तेवढे वाचले. त्याचबरोबर शतकानुशतकांची मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या अँग्लिकन चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या नोंदवह्या गेल्या. सगळा दोष मात्र या आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ ची पत्रके सरकारनेच आकडेवारी काढून झाल्यावर नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत काढून त्यांचा लगदा करण्यात आला. परिणामी संपूर्ण देशाची सर्वांत जुनी शिल्लक जनगणना १९०१ ची आहे. तोवर दुष्काळात गेलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी परदेशात मोठी झाली होती.

या नाशातून काही माहिती एका अनपेक्षित मार्गाने वाचली. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना जानेवारी १९०९ पासून वृद्धापवेतन मिळू लागले. पण आयर्लंडमध्ये सर्व धर्मीयांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनच सुरू झाली होती, त्यामुळे या वृद्धांकडे वयाचा दाखला नव्हता. तेव्हा अर्जदाराने आपल्या आईबापांची नावे आणि लहानपणीचे गाव सांगायचे आणि कारकुनाने १८४१ किंवा १८५१ च्या पत्रकांत ते कुटुंब शोधायचे, अशी व्यवस्था झाली. मूळ पत्रके जळाली, पण शोधाचे हजारो अर्ज आणि त्यांवरील उतारे शिल्लक आहेत. या पेन्शनचा आणखी एक परिणाम नोंदींत दिसतो. १९०१ मध्ये साठीच्या आत असलेली काही माणसे १९११ च्या जनगणनेत सत्तरी ओलांडलेली आढळतात. त्या काळातील गरिबांना स्वतःचे वय नेमके ठाऊक नसे. म्हणून कागदावरील वयात पाच-दहा वर्षांचा फरक पडला, तरी जाणकार तेवढ्यावरून माणूस वेगळा मानत नाहीत.

शिल्लक राहिलेली साधने

जनगणना नसल्यामुळे दुय्यम मानली जाणारी कागदपत्रे आयर्लंडमध्ये मुख्य साधने बनली. त्यांत पहिले स्थान ग्रिफिथ मूल्यांकनाचे आहे. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात देशभरातील जमिनी आणि घरांची करआकारणीसाठी मोजदाद झाली. प्रत्येक जागेचा कब्जेदार कोण, ती त्याने कोणाकडून खंडाने घेतली, क्षेत्रफळ किती आणि वार्षिक मूल्य किती, हे त्यात छापलेले आहे. कब्जेदारांची नावे दहा लाखांहून अधिक आहेत. पुढील कित्येक दशके या नोंदी दुरुस्त होत राहिल्या आणि प्रत्येक बदलाच्या वेळी जुने नाव रंगीत शाईने खोडून नवे लिहिले गेले. नाव कोणत्या वर्षी खोडले गेले आणि त्या जागी कोण आले, यावरून कुटुंब केव्हा निघून गेले याचा अंदाज लागतो.

त्याआधीच्या काळासाठी दशांश कराच्या वह्या आहेत. १८२३ ते १८३८ या काळात शेतजमीन कसणाऱ्यांकडून, त्यात कॅथलिकही आले, चर्च ऑफ आयर्लंडसाठी हा कर घेतला जाई. कॅथलिकांच्या मनात या कराबद्दल तीव्र संताप होता आणि तीसच्या दशकात त्यावरून रक्तपातही झाला. भूमिहीन मजूर आणि शहरांतील लोक मात्र या वह्यांत सापडत नाहीत.

जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सर्वांसाठी सुरू झाली. कॅथलिकेतरांचे विवाह १ एप्रिल १८४५ पासून नोंदले जात होते. १८६४ पूर्वीच्या कॅथलिक पूर्वजांसाठी पॅरिशच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या हाच आधार उरतो. या वह्या सरकारकडे जमा झालेल्या नव्हत्या, त्या गावोगावच्या चर्चमध्येच होत्या, म्हणून १९२२ च्या आगीतून त्या वाचल्या. मात्र पश्चिमेच्या गरीब भागात त्या उशिरा सुरू होतात, कोठे कोठे तर दुष्काळानंतर. नोंदी बहुधा लॅटिन किंवा इंग्रजीत आहेत. अक्षर घाईचे आहे आणि ओलीने पुष्कळ पाने खराब झाली आहेत. तरी बाप्तिस्म्याच्या एका ओळीत मूल, आईबाप, आईचे माहेरचे आडनाव आणि दोन धर्ममातापिता अशी पाच माणसे भेटतात.

याशिवाय स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातील नोंदवह्या, निर्धनगृहांत दाखल झालेल्यांची रजिस्टरे आणि १८६० च्या दशकापासून सक्तीच्या झालेल्या कुत्र्यांच्या परवान्यांच्या याद्याही उपयोगी पडतात. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, अशा माणसाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण कुत्र्याच्या परवान्यावर मिळू शकते.

गावाचे नाव

ही सगळी साधने स्थानानुसार लावलेली आहेत. पूर्वजाचे ठिकाण ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. आयर्लंडमध्ये ३२ काउंट्या, त्यांखाली बॅरनी, सुमारे २,५०० नागरी पॅरिश आणि सर्वांत खाली ६०,००० हून अधिक टाउनलँड अशी रचना आहे. टाउनलँड म्हणजे नावात वाटते तसे शहर नव्हे. ते आपल्याकडील मौज्यासारखे, ठरलेल्या हद्दीचे आणि स्वतःचे नाव असलेले शिवार असते. त्यात कधी चाळीस घरे असतात, कधी दोन-तीनच. १८२४ पासून झालेल्या सर्वेक्षणात या सर्वांच्या हद्दी सहा इंचांना एक मैल या प्रमाणाच्या नकाशांवर आखल्या गेल्या. जॉन ओ’डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून नावांच्या जुन्या रूपांची चौकशी केली. एकच नाव अनेक काउंट्यांत आढळते. किलमोर या नावाची ठिकाणे देशात डझनांनी आहेत. म्हणून नुसते गावाचे नाव पुरत नाही, पॅरिश आणि काउंटीही लागते. उलट घराण्यात ‘आम्ही कॉर्कचे’ एवढेच सांगितले जात असेल, तर ते कॉर्क शहर, कॉर्क काउंटी किंवा नुसते जहाजात चढण्याचे बंदरही असू शकते.

आडनावांची अडचण वेगळी आहे. इंग्रजी अंमलात गेलिक नावे इंग्रजी कानांना ऐकू आली तशी लिहिली गेली. अनेक घराण्यांनी आडनावाआधीचे ‘ओ’ किंवा ‘मॅक’ सोडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काहींनी ते पुन्हा लावले. एकच माणूस चर्चच्या वहीत ओ’सुलिव्हन, मूल्यांकनात सुलिव्हन आणि जहाजाच्या यादीत आणखी वेगळ्या वर्णांनी लिहिलेला असतो. मर्फी, केली, सुलिव्हन अशा सर्वत्र पसरलेल्या आडनावांत एका पॅरिशमध्येच एकाच नावाची दहा माणसे निघतात. अशा वेळी नाव ठेवण्याच्या प्रथेची मदत होते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, आणि मुलींनाही याच रीतीने आज्यांचे नाव देण्याची पद्धत बऱ्याच घरांत होती. परदेशात जन्मलेल्या भावंडांची नावे क्रमाने मांडली, की आयर्लंडमधील आजी-आजोबांची नावे काय असावीत हे कळू लागते.

परदेशांतील कागद

नेमके गाव बहुधा दूरदेशीच्या एखाद्या कागदावरच मिळते. अमेरिकेच्या १८१९ च्या कायद्यामुळे १८२० पासून येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी द्यावी लागे. या याद्या भरपूर आहेत, पण दुष्काळाच्या काळात त्यांत नाव, वय, धंदा आणि ‘आयर्लंड’ एवढेच लिहिलेले असते. जन्मगावाचा रकाना १९०६ मध्ये आला, आणि मायदेशातील जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता १९०७ पासून विचारला जाऊ लागला. म्हणून शोध घेणारे पूर्वजाचीच यादी पाहून थांबत नाहीत. त्याचा एखादा धाकटा चुलतभाऊ विसाव्या शतकात गेला असेल, तर त्याच्या यादीत सगळ्या घराण्याचे गाव सापडू शकते.

अमेरिकेतील काही साधने खास आयरिश जीवनातून निर्माण झाली. बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ पासून पुढे सुमारे नव्वद वर्षे हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. रेल्वेच्या किंवा कालव्याच्या कामावर गेलेला नवरा, आधी निघून गेलेला भाऊ, बंदरावर चुकामूक झालेली बहीण यांच्यासाठी घरची माणसे पैसे मोजून या जाहिराती देत. ओळख पटावी म्हणून काउंटी, पॅरिश, बऱ्याचदा टाउनलँड, निघाल्याचे वर्ष आणि जहाजही त्यात लिहिलेले असे. दुसरे साधन न्यूयॉर्कमधील एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेचे आहे. आयरिश स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेच्या सदस्यांनी ती १८५० मध्ये सुरू केली. खातेदारांत निरक्षर लोक पुष्कळ असल्याने पैसे काढायला आलेला माणूस खरा कोण, हे प्रश्न विचारून ठरवले जाई. त्यासाठी खाते उघडतानाच जन्मस्थान, आईबापांची आणि भावंडांची नावे, आल्याची तारीख आणि जहाज लिहून घेतले जाई. इतिहासकार टायलर अँबिंडर यांनी या वह्यांवरून न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या कंगाल वस्तीचा अभ्यास केला. केरी काउंटीतील लॅन्सडाउन जहागिरीतून पाठवलेली कुळे तेथे एकमेकांशेजारी राहत होती आणि त्यांतल्या कित्येकांनी समजुतीपेक्षा कितीतरी अधिक बचत केली होती, असे त्यांना आढळले.

अमेरिकन यादवी युद्धात आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे दीड लाख सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. त्यांच्या विधवांच्या आणि वृद्ध आईबापांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलींत आयर्लंडमधील पॅरिशचे दाखले आणि घरची पत्रे जोडलेली सापडतात. कॅथलिक दफनभूमीतील दगडांवर काउंटी आणि पॅरिश कोरण्याची चाल होती, त्यामुळे दुसरीकडे कोठेही न उरलेली माहिती तेथे वाचायला मिळते.

ऑस्ट्रेलियाच्या नोंदी अमेरिकेपेक्षा पुष्कळच तपशीलवार आहेत. सरकारी मदतीने आलेल्या प्रवाशांच्या याद्यांत जन्माची काउंटी, धर्म, लिहितावाचता येते का आणि अनेकदा आईबापांची नावे असतात. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या निर्धनगृहांतून चार हजारांहून अधिक अनाथ मुली ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आल्या. त्यांची नावे आणि गावे जहाजवार उपलब्ध आहेत, आणि सिडनीच्या हाइड पार्क बराकीत त्यांचे स्मारक उभे आहे. कैद्यांच्या बाबतीत तर गुन्हा, खटल्याचे ठिकाण, उंची, डोळ्यांचा रंग आणि अंगावरच्या खुणाही लिहिलेल्या असतात. ऑस्ट्रेलियातील वसाहतीला २०० वर्षे झाली तेव्हा, १९८८ मध्ये, आयर्लंडने हद्दपारीच्या आपल्याकडील नोंदींच्या प्रती त्या देशाला भेट दिल्या.

मुंबई इलाख्यातील आयरिश नोंदी

आयरिश माणसे भारतातही आली, मुख्यतः सैनिक म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातील गोऱ्या भरतीत जवळपास निम्मे लोक आयरिश होते. मुंबईचा संबंधही जुना आहे. दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ताब्यात घेण्यासाठी १६६२ मध्ये जे सैन्य पाठवले, त्यापासून पुढे कंपनीची मुंबई युरोपियन पलटण घडली. १८८१ मध्ये हीच पलटण मद्रासच्या पलटणीबरोबर एकत्र करून रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स ही आयरिश रेजिमेंट उभी राहिली. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९२२ मध्ये ती बरखास्त झाली.

मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कंपनीच्या भरतीच्या याद्यांत आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या कागदांत जन्माची काउंटी, बऱ्याचदा पॅरिश आणि सैन्यात येण्यापूर्वीचा धंदा दिलेला असतो. मायदेशी ज्याच्या बाप्तिस्म्याची वही उरली नाही, अशा माणसाचे जन्मगाव मुंबईच्या पलटणीच्या कागदांतून मिळू शकते.

शोधाची दोन उदाहरणे

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे प्रवेशकेंद्र उघडले. तेथे नोंद झालेली पहिली व्यक्ती म्हणजे कॉर्कची ॲनी मूर ही किशोरवयीन मुलगी. दोन धाकट्या भावांसह ती क्वीन्सटाउनहून आली होती. क्वीन्सटाउन म्हणजे आजचे कोव्ह. ती पुढे टेक्सासला गेली आणि तेथे अपघातात मरण पावली, ही कथा कित्येक वर्षे खरी मानली गेली. २००६ मध्ये वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी जुन्या नोंदी तपासल्या. टेक्सासमधील स्त्रीचा जन्म अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात झाला होता, हे त्यातून दिसले. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कोठेच गेली नव्हती. तिने जर्मन वंशाच्या तरुणाशी लग्न केले, तिची बरीच मुले लहानपणीच गेली आणि १९२४ मध्ये तिचा मृत्यू झाला. क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीतील तिच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हते. सारख्या नावाच्या दोन माणसांची गल्लत हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा धोका आहे, आणि वर्ष, जन्मस्थान, नातेवाईक अशी प्रत्येक बाब स्वतंत्र कागदावर पडताळणे हा त्यावरचा उपाय आहे, हे या शोधाने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण बराक ओबामा यांच्या आईकडील एका पूर्वजाचे आहे. फॅल्मथ कर्नी हा चर्मकाराचा मुलगा १८५० मध्ये १९ व्या वर्षी न्यूयॉर्कला उतरला आणि ओहायोत जाऊन राहिला. अमेरिकेतील कागदांवरून शोध ऑफली काउंटीतील मनीगॉल या छोट्या गावापर्यंत पोहोचला. हे कुटुंब चर्च ऑफ आयर्लंडचे होते. या चर्चच्या पुष्कळ वह्या १९२२ मध्ये जळाल्या असल्या, तरी या पॅरिशची जुनी वही स्थानिक पाद्रींकडे सुरक्षित होती आणि तिच्यात कर्नी कुटुंबाची नोंद मिळाली. २३ मे २०११ रोजी ओबामा यांनी त्या गावाला भेट दिली.

आजची स्थिती

एकेकाळी या शोधासाठी डब्लिनला जाऊन महिनोन्‌महिने वह्या चाळाव्या लागत. आता चित्र बदलले आहे. १९०१ आणि १९११ च्या जनगणना आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. २०१५ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने १,०८६ कॅथलिक पॅरिशांच्या वह्यांची पावणेचार लाखांच्या आसपास पाने अशीच उपलब्ध करून दिली. ग्रिफिथ मूल्यांकन, दशांश कराच्या वह्या आणि जुने सरकारी जन्म-विवाह-मृत्यू दाखलेही घरबसल्या पाहता येतात. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांचे कागद बेलफास्टच्या अभिलेखागारात आहेत.

अलीकडे डीएनए चाचणीची भर पडली आहे. दोन माणसांत सामाईक गुणसूत्रखंड किती आहेत, यावरून त्यांचे नाते किती जवळचे हे कळते. पाच-सहा पिढ्यांपलीकडे हा धागा क्षीण होतो, आणि चाचणी गावाचे नाव सांगत नाही. पण ज्याला आपले गाव ठाऊक आहे असा दूरचा चुलतभाऊ तिच्यामुळे सापडू शकतो, आणि त्याच्या माहितीला कागदाची जोड मिळाली की अडलेला शोध पुढे सरकतो.

या शोधाला कायद्याचेही महत्त्व आहे. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असतील, तर परदेशात जन्मलेल्या नातवंडाला आयरिश नागरिकत्व नोंदवता येते. त्यासाठी जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांची अखंड साखळी सादर करावी लागते.

फोर कोर्ट्सच्या आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, जून २०२२ मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने नष्ट झालेल्या कोठाराची आभासी प्रतिकृती खुली करण्यात आली. लंडन, बेलफास्ट आणि जगभरातील इतर संग्रहांत उरलेल्या नकला, उतारे आणि अनुवाद एकत्र करून रिकाम्या झालेल्या जागा तिच्यात भरल्या जात आहेत. हे काम वंशावळ शोधणाऱ्या सामान्य माणसाच्या कामाहून मुळात वेगळे नाही. पूर्वज ज्या ज्या देशांत गेले, तेथील कागद जमवून आयर्लंडच्या इतिहासातील रिकाम्या जागा भरणे, हीच दोन्हींची रीत आहे.